आकाशातून जैनाबाद

तापी नदीच्या उजव्या तीरावर बुऱ्हाणपूर शहर आणि समोर डाव्या तीरावर जैनाबाद, अशी ही जोडी सहाशे वर्षांपासून एकमेकींकडे पाहत उभी आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नासिरखानाने ही दोन्ही ठिकाणे वसविली. खुलदाबादचे सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव शहराला मिळाले आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे नाव पलीकडच्या वस्तीला. शिष्यानेच म्हणे असा आग्रह धरला की, मोठे नगर गुरूंच्या नावाने असावे, मला पैलतीरावरचे लहान गाव पुरे. आज शहराचा पसारा वाढत चालला आहे. जैनाबाद मात्र कापूस, केळी, हळद आणि गुरेढोरे यांत रमलेले शेतकऱ्यांचे गाव राहिले आहे.

हे गाव मी पायी पुष्कळ हिंडलो आहे. कोणत्या वळणावर चिखल होतो, कोणत्या विहिरीचे पाणी गोड, कोणाच्या ओट्यावर दुपारी सावली असते, हे मला ठाऊक आहे. परंतु गाव ठाऊक असणे आणि गावाचा आकार ठाऊक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या गावाचा नकाशा काढावयास कोणास सांगा. तो प्रथम आपले घर काढील, मग घरापासून देवालयापर्यंतची वाट, मग शेताची वाट, आणि तेथे त्याचा कागद संपेल. चालणाऱ्याला गाव वाटेसारखे दिसते. ते पटासारखे दिसावयाचे तर वर जावे लागते.

तसा योग एका हिवाळ्यात आला. नात्यातील एक तरुण विमानविद्या शिकून आता इतरांना शिकवितो. त्याच्या कृपेने जळगावच्या धावपट्टीवरून चार आसनांच्या सेसना विमानात बसावयास मिळाले. या विमानाचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खाली पाहताना आड काही येत नाही. इंजिन एकच. आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले ते असल्याच एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून, हे मला त्या आवाजात आठवले आणि त्या गृहस्थाविषयीचा आदर वाढला.

जळगावहून बुऱ्हाणपूर आकाशमार्गाने सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे या विमानाची अर्ध्या तासाच्या आतली मजल. प्रथम भुसावळचे रूळ दिसले, फणीच्या दातांसारखे एकमेकांशेजारी पसरलेले. पुढे हतनूरच्या धरणाचे पाणी. त्याच्या वरच्या अंगास चांगदेव, जेथे पूर्णा तापीला मिळते. तेथून तापी आणि लोहमार्ग यांचा माग ठेवीत आम्ही ईशान्येकडे गेलो. रावेर मागे पडले आणि थोड्याच वेळात वैमानिक म्हणाला, “काका, आपण मध्य प्रदेशात आलो.” मी खाली पाहिले. अलीकडे केळी, पलीकडे केळी. तोच बांध, तीच काळी जमीन. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा ही सीमा कागदावर कायम झाली. खाली बोलल्या जाणाऱ्या मराठीलाही ती फारशी कळलेली नाही.

मग तापीचे रुंद पात्र आले. उजव्या तीरावर शाही किल्ल्याची भिंत थेट पाण्यातून वर चढलेली, मागे जामा मशिदीचे दोन मिनार, त्यांच्या मागे घरांची दाटी. डाव्या तीरावर जैनाबाद. प्रथम मला ते ओळखूच येईना. इतके लहान! ज्या वाटेने चालताना पाय दुखत ती वाट अंगठ्याखाली झाकली जात होती. गावातली भांडणेही आठवली, अमक्याचा ओटा रस्त्यावर आला, तमक्याची गाय कुंपणात शिरली. तीन हजार फुटांवरून ओटाही दिसत नव्हता आणि गायही दिसत नव्हती. परंतु उंचीवरून सारे क्षुद्र वाटते, असले तत्त्वज्ञान मला पटत नाही. ओटा ज्याच्या दारात आला आहे त्याला तो मोठाच असतो.

गावाबाहेर शेतांच्या मध्ये एक मोकळा चौकोन आणि त्यात पडक्या इमारती दिसल्या. ते आहूखाना, म्हणजे हरणांचे उपवन. बाहेरचे प्रवासी जैनाबादेस येतात ते एवढ्यासाठीच. दख्खनच्या स्वारीसाठी बादशहा शहाजहान बुऱ्हाणपुरास मुक्काम करून असता १७ जून १६३१ रोजी त्याची राणी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात येथे निवर्तली. तिचा देह प्रथम याच बागेत पुरण्यात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आग्र्यास नेण्यात आला. पुढचा ताजमहाल सर्वांना ठाऊक आहे. तो येथेच तापीकाठी व्हावयाचा होता, पण वाळवीमुळे बेत फिरला, असे गावकरी सांगतात. ही दंतकथा समजून ऐकावी. याच बागेत पुढे औरंगजेबास हिराबाई दिसली आणि या गावावरून तिचे नाव ‘जैनाबादी’ पडले, हीही कथा इतिहासग्रंथांत आहे. कुटुंबात वाचावयाच्या पत्रात तिचा अधिक विस्तार करीत नाही.

मुमताजच्या मृत्यूची कथा सांगणारे वाटाडे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. ती वर्षे भयंकर दुष्काळाची होती. १६३० साली पाऊस पडला नाही; गुजरात आणि दख्खन होरपळून निघाले. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या वर्षाच्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याकडे निघाला. वाटेत गावोगाव पडलेली प्रेते आणि शेणातले दाणे वेचून खाणारी माणसे त्याने पाहिली आणि ते सारे रोजनिशीत टिपून ठेवले. बुऱ्हाणपुरात बादशहाने अन्नछत्रे उघडली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याची आज्ञा केली, असे त्याच्या दरबारी इतिहासकाराने लिहिले आहे. राणीचे दुःख खरे होते. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत त्यांचेही खरे होते. वरून पाहताना आहूखान्याचा चौकोन नखाएवढा दिसला आणि त्याच्या भोवती क्षितिजापर्यंत शेतेच शेते. दुष्काळ पडला तो या शेतांत.

शेतांचा तो पट पाहण्यासारखा आहे. जमिनीवरून केळीची बाग म्हणजे हिरवी भिंत. आत शिरले की चार ओळींपलीकडचे दिसत नाही. वरून तीच बाग वहीच्या पानासारखी उलगडते. जूनजुलैत लावलेली मृगबाग गडद हिरवी, पावसाळा सरल्यावर लावलेली कांदेबाग पोपटी, घड उतरवून झालेले शेत पिंगट. आणि मध्येच कोठे पिवळसर डाग. हा हरण्या रोग. मावा एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसतो आणि रोग घेऊन जातो; त्याला औषध नाही, झाड मुळासकट उपटून नष्ट करावे लागते. खालून शेतकऱ्याला पान अन् पान तपासावे लागते. वरून मला त्या रोगाची चाल दिसली. एका कोपऱ्यातून तो आत शिरला होता आणि बांध ओलांडून शेजाऱ्याकडे निघाला होता.

बांध! वरून सर्वांत ठळक दिसतात ते बांधच. कोठे चांगले ऐसपैस चौकोन, तर कोठे एका चौकोनाचे तीन पट्टे, एका पट्ट्याचे पुन्हा दोन. विहिरीकडे प्रत्येकाचा हक्क राहावा म्हणून ते पट्टे असे लांबच लांब कापलेले, की काही ठिकाणी बैलजोडी वळविणेही कठीण जावे. हे पाहिले की त्या घरात किती भाऊ झाले हे मोजता येते. बापाने एक शेत कसले, मुलांनी चार कसली, नातवांनी बांधच अधिक कसले. यात कोणाला दोष द्यावा? प्रत्येकाला आपला वाटा हवा असतो आणि तो मागणे न्याय्यच आहे. परंतु तीन भावांनी तीन कूपनलिका खोदून एकाच झऱ्याचे पाणी ओढावे, यात कोणत्या वकिलाने न्याय पाहिला, हे मला समजत नाही. एका मोठ्या बागेशेजारी मी हिरव्या रंगात तीन ठिकाणी तीन छपऱ्या मोजल्या. प्रत्येक छपरीखाली एक मोटार.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर आता ज्या दृश्यासाठी हा लेख लिहिण्याचे मनात आले ते सांगतो.

वैमानिकाने विमान शहरावरून उत्तरेस वळविले आणि लालबागेच्या बाजूस एका अंगावर कलते केले. सकाळचे ऊन तिरपे होते. घरे, झाडे, शेते यांच्या मधून मला गोल ठिपक्यांची एक रांग दिसली. प्रत्येक ठिपक्याला एक लहानशी सावली. रांग घरांत शिरे, दिसेनाशी होई, पुन्हा पलीकडे शेतात निघे. पण तिची दिशा मोडत नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याकडून निघून ती शहराकडे उतरत होती. कुंडी भंडारा! या कुंड्या मी पूर्वी पाहिल्या होत्या, पण सुट्या सुट्या. एक रस्त्याच्या कडेला, एक कोणाच्या शेतात, एक घराच्या परसात. प्रत्येक वेळी वाटे की ही एक जुनी विहीर. त्या विहिरी नव्हेत, एकाच देहाचे ते मणके आहेत, हे पुस्तकात वाचून ठाऊक होते. डोळ्यांना ते त्या दिवशी पटले.

जहांगीर बादशहाच्या कारकीर्दीत, १६१५ साली, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या वेळी ही योजना झाली. तबकुतुल अर्झ नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने ती आखली, असे सांगतात. कल्पना साधी आहे. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूमीच्या पोटातून तापीकडे सरकतो. त्या वाटेत आडवे भुयार खोदावयाचे. भुयाराला अगदी मंद उतार द्यावयाचा, म्हणजे पाणी आपल्या वजनानेच वाहत राहते. मोट नको, रहाट नको. भुयार खणताना माती वर काढण्यासाठी आणि आत वारा खेळण्यासाठी ठराविक अंतरावर उभ्या कुंड्या ठेवावयाच्या. अशा शंभराहून अधिक कुंड्या येथे आहेत. पाणी ‘जाली करंज’ नावाच्या हौदात येई आणि तेथून नळांनी नगरात जाई. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्याच कुळातली नावे. ‘चिंताहरण’ हे नाव ज्याने ठेवले त्याने उन्हाळा पाहिला असला पाहिजे.

या विद्येचे माहेर इराण. तेथे या भुयारांना कनात म्हणतात. एरिख श्मिट नावाचा पुराणवस्तुसंशोधक १९३५ ते १९३७ या काळात छोट्या विमानातून इराणभर हिंडला आणि वरून छायाचित्रे घेत गेला. त्याचा ग्रंथ १९४० साली निघाला. उजाड मैदानावर मुंग्यांच्या वारुळांसारख्या गोल तोंडांच्या रांगा पर्वताकडून गावाकडे गेलेल्या त्या चित्रांत दिसतात. इंग्लंडात क्रॉफर्ड नावाच्या संशोधकाने त्याआधीच, १९२८ साली, आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांचा ग्रंथ काढून दाखविले होते की, बुजलेल्या खंदकावर गहू अधिक उंच वाढतो, पुरलेल्या भिंतीवर तो खुरटा राहतो, आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात शेत आपल्या पोटातला इतिहास वर दाखविते. मला कुंड्या दिसल्या त्या सकाळच्या सावल्यांमुळेच. भर दुपारी गेलो असतो तर कदाचित नुसती कौले आणि पत्रे पाहून परतलो असतो. इराणची कनाते २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेली. बुऱ्हाणपूरचा भंडारा २०२४ साली त्या यादीच्या उंबरठ्यावर, म्हणजे भारताच्या संभाव्य नावांत, आला आहे.

उत्तरेला धुक्यात असिरगड दिसत होता. १६०१ च्या जानेवारीत तो अकबराच्या हाती आला तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर यांचे नातलग फादर जेरोम झेवियर बादशहाच्या छावणीत होते, आणि त्यांचे सोबती बंधू बेंतो दी गोइश यांना बादशहाने आपल्या वकिलाबरोबर गोव्यास पाठविले. हेच गोइश पुढे मध्य आशियातून चीनच्या सीमेपर्यंत गेले आणि १६०७ साली तेथे वारले. आपल्या लोकांनी हा मुलूख कुंड्या खोदण्याच्याही आधी पाहिला होता, म्हणून जाता जाता हा उल्लेख.

असिरगडाच्या अलीकडे, सातपुडा जेथे संपतो आणि सपाटी जेथे सुरू होते, तेथे एक फिकट पट्टा आडवा पसरलेला वरून स्पष्ट दिसतो. डोंगरातून येणारे ओढेनाले तेथपर्यंत चकाकत येतात आणि त्या पट्ट्यात शिरून दिसेनासे होतात. भूगर्भशास्त्रात याला बझाडा म्हणतात. गोटे, खडी आणि वाळू यांचा हा थर पाणी चाळणीसारखे पिऊन टाकतो. बुऱ्हाणपूर, रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांच्या विहिरींना पाणी मिळते ते पुष्कळसे याच्या जोरावर. इराणी तज्ज्ञाने चारशे वर्षांपूर्वी याच मर्मावर बोट ठेवले.

त्याने झिरपणारे तेवढेच घेतले. आपण आज किती घेतो? केळीची रोपे दीड मीटरावर लावली तर हेक्टरी साडेचार हजारांजवळ झाडे बसतात, आणि भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. म्हणजे एका हेक्टरास रोजचे पाऊण लाख लिटर! तेही ठिबकाने दिले तर. पाट सोडला तर त्याहून पुष्कळ अधिक. केळीवर रागावण्याचे कारण नाही. तिने या भागातली घरे पक्की केली, मुलींना शाळेत पाठविले. परंतु रावेर आणि यावल हे तालुके भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून सरकारदप्तरी नोंदले गेले आहेत, आणि कूपनलिका दरवर्षी खोल जात आहेत. वसईकडच्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगावयास नको. त्यांच्याही वाड्या केळीच्या, त्यांचीही बावखले भरलेली. मग पाणी टँकरने मुंबईच्या दिशेला जाऊ लागले, विहिरी मचूळ झाल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीला रस्त्यावर उतरावे लागले.

आता १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार केला आहे. तापीचे पुराचे पाणी वळवून कालव्यांनी त्याच फिकट पट्ट्यात सोडावयाचे आणि जमिनीत मुरू द्यावयाचे, असा तो संकल्प. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक आणि मध्य प्रदेशात एक लाखाहून अधिक हेक्टरांना त्याचा लाभ व्हावयाचा आहे. कल्पना मला मान्य आहे; ती खानखानानालाही मान्य झाली असती. शंका एवढीच की, मुरविलेले पाणी ज्या वेगाने खाली जाईल त्याहून अधिक वेगाने ते वर ओढणाऱ्या मोटारी आधीच बसलेल्या आहेत. कालवा सरकार खोदील. मोटार कधी बंद करावी हे तीन भावांनी एका ओट्यावर बसून ठरवावयाचे आहे. जैनाबाद स्वतः दक्षिण तीरावर असल्याने त्या पट्ट्याचे पाणी त्याच्या वाट्यास थेट येत नाही. तरी पंप तेथेही आहेत आणि भाऊ तेथेही आहेत.

पुढे उन्हाळ्यात मी जैनाबादेस गेलो तेव्हा ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला बाजेवर बसवून ताक दिले आणि विचारले, “मास्तर, तुम्ही म्हणे विमानातून आमचं गाव पाहिलं. आमची बाग कशी दिसली?”

“दादा, बाग चांगली आहे,” मी म्हणालो, “पण नदीकडच्या कोपऱ्यात पिवळा डाग दिसला.”

“तो काढला आम्ही. दोनशे झाडं गेली.” मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, “आणि धाकट्याच्या शेतात? तिकडे दिसला का डाग?”

धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. मधल्या बांधावरून दोघांचे सात वर्षे बोलणे नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी म्हणालो, “दिसला. तुमच्या बांधापासून चार-पाच ओळी आत.”

त्यांनी नातवाला हाक मारली. “जा रे, काकाआजोबांना सांग, मास्तर आले आहेत, भेटायला या म्हणावं. आणि ताक आणखी एक पेला आण.”